डाळ शिजते, पण पाणी चांगले आहे का?

वऱ्हाडात पाण्याची पारख डाळीवरून करण्याची रीत जुनी आहे. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते आणि साबणाला भरपूर फेस येतो, ते पाणी गोड. ज्यात डाळ कडक राहते आणि भांड्याला पांढरे पुट धरते, ते जड. यवतमाळसारख्या तुरीच्या मुलुखात ही परीक्षा घरोघरी रोजच होते आणि कित्येक पिढ्यांना ती उपयोगीही पडली आहे. परंतु पांढरकवडा, घाटंजी, झरी जामणी आणि त्या बाजूच्या गावांत राहणाऱ्या ज्येष्ठांनी, तसेच त्यांची काळजी वाहणाऱ्या मुला-सुनांनी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या परीक्षेत उत्तम ठरलेले पाणीही हाडांना घातक असू शकते, कारण फ्लोराइड जिभेला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि डाळीलाही अडवीत नाही.

किंबहुना प्रकार थोडा उलटाच आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर फ्लोराइड त्याच्याशी संयोग पावून बरेचसे खाली बसते. कॅल्शियम कमी आणि सोड्याचा अंश अधिक असलेल्या पाण्यात मात्र ते खडकातून विरघळत राहते. असे पाणी मऊ लागते, त्यात डाळ चटकन शिजते. म्हणजे ज्या गुणासाठी आपण एखाद्या बोअरची वाखाणणी करतो, तोच गुण कधीकधी संशयाचे कारण ठरावा. सर्वच मऊ पाणी वाईट, असा याचा अर्थ नव्हे. चवीवरून निकाल देता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. दक्षिण आणि आग्नेय दिशेला मात्र खडक बदलतो. वणीचा कोळसा आणि चुनखडी सर्वांच्या परिचयाची आहे. पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइड मर्यादेबाहेर असल्याची शास्त्रीय नोंद २००७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल, तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ मिलिग्रॅम हीच आहे. आपल्याकडे मनुष्य उन्हाळ्यात शेतावर दिवसाला चार-पाच लिटर पाणी सहज पितो. हे पाहता १ मिलिग्रॅमचीच मर्यादा आपण पाळावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ज्यांचे वय आज सत्तरीच्या पुढे आहे, त्यांना नारूचा रोग आठवत असेल. पायातून दोऱ्यासारखा किडा बाहेर पडे आणि माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी कापडाने गाळून पिणे, हाच त्यावरचा मोठा उपाय होता, आणि तो खराखुरा उपाय होता, कारण नारूच्या अळ्या वाहून नेणारे पाण्यातील सूक्ष्म जीव कापडात अडकत. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर आणि हातपंप आले. देशभर पसरलेल्या हातपंपाचे मूळ रूपही आपल्याच सोलापूरचे होते. उघड्या विहिरींपासून सुटका झाली, पटकी आणि नारू मागे हटले आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. हा लाभ फार मोठा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु जमिनीखाली खोलवर खडकाच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे राहिलेले पाणी आपल्याबरोबर खडकाचे क्षारही वर घेऊन आले. ते कापडाने गाळले जात नाहीत आणि उकळून उडूनही जात नाहीत. उलट उकळताना पाण्याची वाफ होते व फ्लोराइड मागे राहते, म्हणून उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढतेच.

गुडघेदुखी म्हणजे केवळ म्हातारपण नव्हे

भारतात फ्लोराइडच्या विकाराची पहिली वैद्यकीय नोंद १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोरची आहे. हाडे जड आणि ठिसूळ होतात, सांध्यांभोवतालचे बंध कडक होतात, पाठ आणि मान वळेनाशी होते. हे सारे इतक्या संथ गतीने घडते की घरचे लोक ‘वय झालं, आता दुखायचंच’ म्हणून सोडून देतात. संधिवात, मणक्याची झीज, कॅल्शियमची कमतरता अशी इतर अनेक कारणे असू शकतात, म्हणून प्रत्येक दुखणे फ्लोराइडच्या माथी मारणेही योग्य नाही. आरोग्य कर्मचारी गावात पाहणी करताना तीन साध्या हालचाली करून घेतात. गुडघे न वाकवता पुढे वाकून जमिनीला हात लावणे, हनुवटी छातीला टेकवणे आणि दोन्ही हात मानेमागे नेणे. एखाद्या आजोबांना या तिन्ही हालचाली जड जात असतील आणि त्यांचे आयुष्य एकाच बोअरच्या पाण्यावर गेले असेल, तर डॉक्टरांना पाण्याचा विषय आपण होऊन सांगावा. वयस्कर व तोल जाणाऱ्या व्यक्तीने पुढे वाकण्याचा प्रयोग एकट्याने करू नये, शेजारी कोणी उभे असावे. निदान मात्र कोपराखालच्या हाताची क्ष-किरण प्रतिमा, लघवीतील फ्लोराइड आणि पाण्याचा अहवाल हे एकत्र पाहूनच होते.

दातांची साक्ष निराळी असते. दातांवरचे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दात घडत असतानाच, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत उमटतात. त्यामुळे मोठेपणी या गावात आलेल्या आजीचे दात स्वच्छ असूनही तिची हाडे बाधित असू शकतात. घरातील नातवंडांचे नवे दात पाहिले, तर पाण्याबद्दल बरेच कळते.

मूत्रपिंड दुबळे असलेल्यांची गोष्ट विशेष काळजीची आहे. शरीरात गेलेले फ्लोराइड मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. ज्यांची मूत्रपिंडे नीट काम करीत नाहीत, त्यांच्या हाडांत ते अधिक साठते. दुखते म्हणून महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या आणि त्यांनीच मूत्रपिंडांवर ताण आणायचा, असे चक्र काही घरांत नकळत सुरू असते. हाडांत झालेला बदल औषधाने पूर्ववत होत नाही. पाणी बदलल्यास पुढची हानी थांबते, आणि दूध, ताक, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला, आवळा यांनी कॅल्शियम व क जीवनसत्त्वाची भर पडली की फ्लोराइडचे शोषणही कमी होते. कोऱ्या चहातही फ्लोराइड असते. दिवसातून सहा-सात वेळा चहा घेणाऱ्यांनी तो हिशेबात धरावा.

आधी अहवाल, मग यंत्र

घरात फिल्टर बसवायचे ठरले की बहुधा दुकानदार किंवा विक्रेता दारी येतो आणि खिशातून पेनासारखे टीडीएस मापक काढतो. आकडा चारशे आला की पाणी चांगले, नऊशे आला की वाईट, असा निवाडा तो उभ्या उभ्या देतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सर्व क्षारांची गोळाबेरीज. त्यात फ्लोराइड किती, हे त्या पेनाला कळत नाही. टीडीएस चारशे असलेल्या पाण्यात फ्लोराइड ४ मिलिग्रॅम असू शकते आणि नऊशेच्या पाण्यात अर्धाही नसेल. काही विक्रेते दुसरा खेळही करतात. दोन पेल्यांत विजेच्या कांड्या बुडवून आपले पाणी लालसर गढूळ झालेले आणि त्यांच्या यंत्राचे तसेच राहिलेले दाखवतात. तो गाळ पाण्यातील घाणीचा नसतो. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते आणि कांडीचेच लोखंड झिजून पाण्यात उतरते. घरी एकट्या असलेल्या ज्येष्ठांनी असा खेळ पाहून त्याच दिवशी पैसे मोजू नयेत. मुलांना फोन करून चार दिवस थांबावे.

पाणी तपासून घेणे अवघड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा आहेत आणि तिथे माफक शुल्कात नागरिकांनाही पाणी तपासून मिळते. जल जीवन मिशन सुरू झाल्यापासून ग्रामपंचायतींकडे तपासणीचे संच दिले गेले असून गावातील महिलांना त्यांचे प्रशिक्षण दिलेले आहे. जलसुरक्षकाला विचारल्यास वाट सापडते. फ्लोराइडसाठी नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत न्यावा, काचेच्या नव्हे. बोअर पाच-दहा मिनिटे चालू द्यावी, मग बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी आणि नमुना त्याच दिवशी पोचवावा. अहवालात फ्लोराइड, नायट्रेट, कठीणपणा, टीडीएस आणि जंतू हे पाच रकाने पाहावेत. गोठ्याजवळच्या विहिरीत नायट्रेट बरेचदा वाढलेले असते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

अहवाल हाती आला की निम्मा प्रश्न सुटतो. यवतमाळ शहराला निळोणा, चापडोह आणि बेंबळा या धरणांचे पाणी मिळते. असे पृष्ठभागावरचे पाणी सहसा फ्लोराइडमुक्त आणि कमी क्षारांचे असते. त्यासाठी चांगली कँडल किंवा यूव्हीचा दिवा असलेले यंत्र पुरेसे होते, आरओची गरज नसते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या पाण्यासाठी आरओच्या वापरावर बंदी आणावी, असे निर्देश दिले होते, ते पाण्याची नासाडी लक्षात घेऊनच. याउलट फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल, तर कँडल, यूव्ही, साधा कार्बन फिल्टर यांपैकी कशाचाही उपयोग नाही. तिथे दोनच घरगुती मार्ग उरतात. एक आरओ आणि दुसरा सक्रिय अ‍ॅल्युमिना भरलेला फिल्टर. या दुसऱ्या प्रकाराला वीज लागत नाही, हा खेड्यातला मोठा गुण. परंतु त्याची शोषणशक्ती संपली तरी पाणी पूर्वीसारखेच वाहते आणि लागते. चवीत काही फरक पडत नसल्याने तो संपल्याचे फक्त तपासणीतून कळते.

नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नालगोंडा’ पद्धत तयार केली. तीत मोजून घातलेली तुरटीची मात्रा बरीच मोठी असते. माठात तुरटीचा खडा चारदा फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, फ्लोराइड जवळजवळ तसेच राहते.

ओट्याखालचे काम

संपूर्ण घराच्या नळाला मोठा फिल्टर लावण्याचा आग्रह काही ठिकाणी धरला जातो. फ्लोराइडपुरता तो खर्च व्यर्थ आहे. आंघोळीने किंवा कपडे धुण्याने फ्लोराइड शरीरात जात नाही. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी शुद्ध असले की झाले. मात्र स्वयंपाकाचेही हवेच, कारण भात, वरण, भाजीतले पाणी शेवटी पोटातच जाते. पाच माणसांच्या घराला दोन्ही मिळून दिवसाला २० ते २५ लिटर लागतात. त्यासाठी स्वयंपाकघरातला एक नळ पुरे.

घरात योजनेचे पाणी आणि बोअर असे दोन्ही असेल, तर बहुतेक वेळा दोन्ही गच्चीवरच्या एकाच टाकीत चढवले जाते. इथे प्लंबरच्या अर्ध्या दिवसाच्या कामाने यंत्राचा खर्च वाचू शकतो. दोनशे लिटरची वेगळी छोटी टाकी बसवून तीत फक्त धरणाचे पाणी घ्यावे आणि तिची नळी सरळ स्वयंपाकघरात आणावी. मोठी टाकी बोअरच्या पाण्याने न्हाणीला आणि संडासाला पुरते. नळावर रंगाची खूण करावी, म्हणजे पाहुणे आणि मुले चुकणार नाहीत.

आरओ बसवायचेच असल्यास नळीला टी जोडून यंत्राच्या आधी स्वतंत्र कॉक घ्यावा आणि तो ज्येष्ठांच्या हाताला येईल अशा उंचीवर असावा. ओट्याखाली अगदी मागे दडवलेला कॉक गळतीच्या वेळी सापडत नाही. पाणी जमिनीवर पसरले की पाय घसरतो, आणि सत्तरीतले खुब्याचे हाड मोडले तर ते प्रकरण फिल्टरच्या किमतीपेक्षा फार मोठे होते. यंत्राची तोटी बोटांत जोर नसलेल्यालाही दाबता येईल अशी निवडावी आणि तांब्या न वाकता भरता येईल इतकी ती वर असावी. विजेचा सॉकेट सिंकपासून दूर व अर्थिंगसह हवा. जुन्या लोखंडी नळ्यांचे गंजाचे कण यंत्र लवकर निकामी करतात, म्हणून आधी गाळाचा फिल्टर हवाच. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दहा फूट उंच असेल, तर दाब सुमारे ०.३ किलो मिळतो. तो मेम्ब्रेनला पुरत नाही, त्यासाठी यंत्रात पंप असतो. वीज गेली की पंप थांबतो, म्हणून साठ्याची टाकी आठ-दहा लिटरची घ्यावी. मेमध्ये दुपारी काळ्या टाकीतले पाणी हाताला चटका देण्याइतके तापते. मेम्ब्रेनला असे पाणी मानवत नाही, तेव्हा उन्हाळ्यात यंत्र पहाटे चालवावे.

आता एका लहानशा स्क्रूविषयी, कारण सारी मेहनत तिथे वाया जाऊ शकते. बहुतेक यंत्रांत टीडीएस कमी-जास्त करण्याची सोय असते. पाणी फार फिके लागते म्हणून तक्रार केली की तंत्रज्ञ तो स्क्रू फिरवून देतो आणि चव सुधारते. प्रत्यक्षात तो मेम्ब्रेनमधून न गेलेले थोडे पाणी शुद्ध पाण्यात मिसळत असतो. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड ४ मिलिग्रॅम आहे आणि मेम्ब्रेनने दहापैकी नऊ भाग काढले असे धरू. शुद्ध पाण्यात ०.४ उरेल. त्यात चौथा हिस्सा मूळ पाणी मिसळले, तर प्रमाण पुन्हा १.३ वर जाते. फ्लोराइडच्या गावात हा स्क्रू पूर्ण बंद ठेवण्यास सांगावे. चवीसाठी खनिजांचा वेगळा कार्ट्रिज मिळतो, तो चालेल.

वाया जाणाऱ्या पाण्याचाही असाच हिशेब आहे. तीन लिटर पाणी आत गेले आणि एक लिटर शुद्ध मिळाले, तर मोरीच्या नळीतून निघालेल्या दोन लिटरांत फ्लोराइडचे प्रमाण ४ वरून ५.८ वर जाते. हे पाणी फरशी पुसण्यास, संडासात ओतण्यास वापरावे. गाई-म्हशींपुढे मात्र ठेवू नये. जनावरांच्या दातांना आणि हाडांनाही फ्लोराइड बाधते.

यंत्र बसल्यावर पहिल्या दोन टाक्या ओतून द्याव्यात आणि आठवड्याभरात तोटीच्या पाण्याचा नमुना पुन्हा प्रयोगशाळेत न्यावा. बसवण्याची तारीख, फिल्टर बदलल्याची तारीख आणि फ्लोराइडचा आकडा यंत्रावरच कागद चिकटवून लिहावा, म्हणजे मुलगा पुण्याला आणि सून नागपूरला असली तरी सेवेसाठी आलेल्या माणसाला आजी तो दाखवू शकतील. दिवाळीत पंधरा दिवस घर बंद राहिले असेल, तर परतल्यावर साठ्यातील पाणी काढून टाकावे. जारचे पाणी विकत घेणाऱ्यांनीही पुरवठादाराकडे फ्लोराइडचा अहवाल मागावा. थंडगार असणे आणि निर्दोष असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या जिल्ह्यात एकच घर वर्षातून दोन-तीन पाणी पिते, हेही विसरून चालत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात धरणे आटल्यावर यवतमाळ शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत असे आणि लोक टँकर व बोअरकडे वळले होते. पावसाळ्यात नळ, हिवाळ्यात विहीर, मे महिन्यात शेजारच्या शेतातली बोअर, असा फेरा खेड्यांत नेहमीचाच आहे. धरणाच्या पाण्यासाठी घेतलेले यूव्हीचे यंत्र मे महिन्यात त्या बोअरचे फ्लोराइड अडवणार नाही. म्हणून नमुने प्रत्येक स्रोताचे वेगवेगळे द्यावेत, एक मेमध्ये आणि एक पावसाळा संपल्यावर. मेमधल्या बोअरचा आकडा १.५ च्या वर आला, तर त्या दोन महिन्यांपुरते पिण्याचे आणि स्वयंपाकाचे २५ लिटर पाणी कुठून आणायचे, हे मार्चमध्येच घरात ठरवून ठेवावे.